कोरा चौकोन

"आई, कोऱ्या चौकोनाला काहीच चिकटत नाही, हे कशावरून?"

मैत्रिणींनीच तिला पेटवलं होतं. शाळेतून ती थेट आईबाबांच्या प्रयोगशाळेत आली होती. यंत्राच्या पडद्याचा फोटो आणि मनातली शंका तिने ग्रुपवर टाकली, तर उत्तर आलं, 'विचार की! हिंमत आहे?' हिंमत तर नुकतीच आली होती, अगदी नवी कोरी. विचारून टाकलं.

"गप गं, कोरे!" बाबा खेकसले.

हे नाव त्यांचंच. ती विज्ञानात काठावर पास झाली त्या दिवशी ठेवलेलं. "आमच्या हिला काही म्हणजे काही चिकटत नाही," असं ते पाहुण्यांनाही हसून सांगायचे. आज हसत नव्हते.

दवाखान्यात बाबांची धाकटी बहीण, म्हणजे तिची आत्या, श्वासासाठी तडफडत होती. साप चावला होता. कुठला, ते कुणी पाहिलं नव्हतं. प्रतिविषं सहा प्रकारची होती. चुकीचं दिलं, तर दुसरं द्यायला वेळच उरणार नव्हता.

म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या नखाएवढ्या काचेवर बाबांनी सहा चौकोनांत सहा प्रतिविषं बसवली. सातवा कोरा. वरून आत्याच्या रक्ताची निवळ, म्हणजे सीरम, सोडली, खालून उजेड. विषाला रंग-बिंग लावायची गरज नव्हती. विष ज्याला धरेल तो चौकोन उजळणार. कोऱ्याला काही चिकटत नाही, म्हणून यंत्र त्याची चमक बाकीच्यांतून वजा करणार आणि उरेल ती दाखवणार.

उरत काहीच नव्हतं. सहाही चौकोन काळे. बाबांनी डोकं धरलं. दवाखान्याचा फोन तिसऱ्यांदा वाजला. उचलायला कुणाचा हात होईना.

आई मात्र लेकीकडे बघत राहिली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कोऱ्याला दूध पाजलंत ना?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. कोऱ्या चौकोनावर आधी दुधातल्या प्रथिनाचा थर द्यावा लागतो. नाहीतर उघडं सोनं दिसेल ते ओढून घेतं. हे ते वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले होते.

"घाईत... राहिलं गं."

आईने वजाबाकी बंद केली. सातही चौकोन लखलखले, कोरा सगळ्यांत जास्त!

"धुवा!"

बाबांनी मिठाचं पाणी सोडलं. नुसतं वरवर चिकटलेलं वाहून जाऊ लागलं. पहिला विझला. दुसरा, तिसरा. कोराही विझला. पाचवा, सहावा.

चौथा विझेना. आणखी पाणी सोडलं. तरी विझेना.

"चौथं द्या!" आई फोनवर ओरडली.

तासाभराने पुन्हा फोन आला. आत्या स्वतःहून श्वास घेत होती. बाबा लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसत म्हणाले, "कोरे, तुला हे सुचलं तरी कसं गं?"

तिने दप्तर खांद्याला अडकवलं.

"पुढच्या वर्षी मी सायन्स घेणार," ती दोघांना म्हणाली. "आणि बाबा, कोऱ्याला काही चिकटत नाही, असं यापुढे धरून चालायचं नाही."