कोपरा फाडलेलं कार्ड

गुलाबनं कार्डाचा कोपरा बघितला आणि हातातली गावच्या सोसायटीच्या कुलपाची किल्ली खाली पडली.

खालचा कोपरा फाडलेला होता. वर ईट गावचा शिक्का. पत्ता कुणा परक्याच्या अक्षरात. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं, हे वाचायला शाळा लागत नाही. असलं कार्ड घरात न्यायचं नसतं. दाराबाहेर उभं राहून दुसऱ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. नबीलाल पोस्टमननंही विचारल्याशिवाय ते उलटून बघितलं नव्हतं.

"वाचू का, गुलाबभाऊ?" त्यानं हळूच विचारलं.

"नगं. म्या वाचीन," गुलाब म्हणाला आणि कार्ड तसंच खिशात घातलं. "घरी काय बोलू नगंस."

मग तो पळत सुटला. धाराशिवची गाडी सुटायला दहा मिनिटं होती. बेंबळीच्या त्या रस्त्यानं, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, सोसायटीचा शिपाई, धोतराचा सोगा हातात धरून पळत होता. टँकरच्या रांगेतल्या बाया बघत राहिल्या. एक चप्पल मागं राहिली. तो थांबला नाही.

ईटला त्याची एकुलती एक लेक दिलेली होती. केशर. तिला आठवा महिना होता. जावई कामासाठी पुण्याकडं गेलेला, घरात फक्त म्हातारा सासरा. तो सासरा गेला असेल, असं गुलाब स्वतःला सांगत होता. दुसऱ्याचं मरण मागणं वाईट, पण तो मागत होता.

गाडीत बसल्यावर हात चार वेळा खिशाकडं गेला. गुलाब सापडेल ते वाचणारा माणूस. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकला आणि तेव्हापासून पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. आताही गाडीतल्या सगळ्या पाट्या त्यानं वाचून काढल्या, पुन्हा वाचल्या. कार्ड मात्र बाहेर काढवेना. वाचलं की ते खरं होणार होतं.

केशरला त्यानंच शिकवलं. सातवीपर्यंत. वस्तीतली सातवी झालेली ती पहिली पोर. तिचं कार्ड आलं की गुलाब सोसायटीच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचा. "तीर्थरूप आबांस जयभीम." एवढं वाचलं की थांबायचा आणि कार्ड लोकांपुढं धरायचा. बघा, वेलांटी कशी वळवलीय. हाय का मामलेदाराच्या कारकुनाचं असं अक्षर?

पहिल्या कार्डात होतं, तलावाच्या दुष्काळी कामावर जाते, पाय सुजतात. दुसऱ्यात होतं, घमेलं उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येते. तिसऱ्यात होतं, बाळंतपणाला न्यायला या. तिन्ही कार्डं त्यानं वाचून दाखवली, आणि लोकांनी तिन्ही वेळा माना डोलावल्या.

"पोरीला आणा," बायको विठाबाई रोज म्हणायची. रोज त्याचं एकच उत्तर होतं. "हितं प्यायला पानी न्हाय, बाळंतिणीला आंगूळ कशानं घालतीस? तितं कामावर सुकडी तरी खायला मिळतीया." मग त्यानं केशरला सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं. पाऊस पडल्यावर न्यायला येतो. तब्येत जपावी. वाचन सोडू नये.

ते उत्तर आठवलं आणि गाडीत त्याला स्वतःचीच किळस आली. तो अक्षर बघत बसला होता. लेक काय म्हणत होती ते त्याच्या कानावर पडलंच नव्हतं. आता तीच तीन कार्डं त्याला तिच्या आवाजात ऐकू येत होती.

धाराशिवला आणि भूमला गाडी बदलून ईटला उतरेपर्यंत चार वाजले. केशरच्या घराला कडी होती. शेजारणीनं तलावाकडं हात केला. गुलाब पुन्हा पळाला. कुणी गेलं की घराला कडी लावून सगळे कुठं जातात, हे त्याला माहीत होतं. एका पायाला चप्पल होती, तीही त्यानं फेकून दिली. खडी तळव्यात घुसत होती.

कामावर बायांची रांग घमेली सरकवत होती. त्यानं हाक मारली. "केशर!" रांगेतून ओ आली नाही. एका बाईनं त्याच्याकडं बघितलं आणि बाभळीखाली बोट दाखवलं. तिथं कुणीतरी आडवं झालं होतं. अंगावर, तोंडावरून लुगड्याचा पदर ओढलेला.

गुलाबचे पाय तिथंच थांबले. दिवसभर पळालेल्या माणसाला शेवटची वीस पावलं टाकवेनात.

पदर हलला. केशर हाताचा टेकू घेत उठून बसली. तोंड सुकलेलं, पाय भाकरीसारखे फुगलेले. ती हसली नाही, रडली नाही.

"आलात, आबा?"

तो तिच्यासमोर बसकण मारून बसला. मग खिशातून घामानं भिजलेलं कार्ड काढलं.

"कोन गेलं?"

"कुनी न्हाय. मामंजी घमेलं टाकत्यात, ते काय तितं."

"मग हे कुनाचं?"

"माजंच. पत्ता हितल्या शाळेच्या मास्तरांकडनं लिहून घेतला. माजं अक्षर दिसलं असतं तर तुमी पुना पायरीवर वाचत बसला असता."

गुलाबनं कार्ड पहिल्यांदा उलटून बघितलं. मागची बाजू कोरी होती. जयभीमसुद्धा नव्हता.

"ह्यात तर कायच लिवलं न्हाईस, पोरी."

"तीनदा लिहून बघितलं, आबा," केशर म्हणाली. "चवथ्यांदा नुसतं फाडलं."