कनाफ्याची पहिली बशी
बारावीचा निकाल लागताच नाब्लुसमध्ये घरोघरी पाकात भिजलेला कनाफा पोचू लागला. बारावी पास झालेल्या तहानीने पहिली बशी मुख्याध्यापिकाबाईंसाठी काढली. "त्या कैदाशिणीला?" आई भडकली. बारा वर्षांपूर्वी बाईंनी तहानीला शाळेच्या दारातूनच परतवलं होतं: "वर्ग तिसऱ्या मजल्यावर. लंगडीला उचलणार कोण? धर्मादाय केंद्रात न्या." केंद्रानेच तिला पायांना बांधायचे लोखंडी कॅलिपर दिले, उभं केलं, शिकवलं. बाईंचं घरही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चालू होती. तहानी जिन्याकडे वळली. पायरीगणिक मुद्दाम लोखंड आपटत घामाघूम होऊन वर पोचली. आवाजाने बाई दारात आल्या. "कोण गं तू?" "जिला उचलायला कुणी नव्हतं ती. घ्या, तोंड गोड करा." निकालाचं गोड कुणी परतवत नाही. बाईंनी कसाबसा घास गिळला, दार लोटलं. तहानीने उंबऱ्यावर पाय रोवला. "उघडं राहू द्या, बाई. उतरतानाचा आवाजही ऐका."