पलीकडची गल्ली

सुतार स्वतःच्याच दुकानाच्या उंबरठ्यावर पालथा पडून प्लायवूडवर पेन्सिल फिरवत होता. उंबरठा मधोमध झिजलेला. ती झीज जशीच्या तशी फरम्यात उतरली पाहिजे, हा त्याचा हट्ट. शेजारी पाहुणा टेपचं दुसरं टोक धरून बसला होता.

"अहो, मोजताय की झोपलाय?" वरच्या खिडकीतून बायको म्हणाली. "स्वतःच्याच दुकानाची मापं घेणारा माणूस आज बघितला."

"माझी पेटी भरलीस का ते सांग."

"कधीच भरलीय."

गल्लीत शूटिंग चाललेला सिनेमा अर्धा झाला होता आणि सिनेमावाल्यांनी गाशा गुंडाळला होता. इथल्या सरकारने करसवलत बंद केली, शेजारच्या राज्याने दुप्पट देऊ केली, मग कशाला थांबतायत? पण झालेल्या शूटिंगमध्ये ही गल्ली आधीच येऊन गेलेली. अर्ध्या सिनेमात नायक इथे राहतो, उरलेल्या अर्ध्यात भलतीकडे कसा राहील? इथे परत येऊन शूटिंग करावं, तर तिकडची सवलत बुडते. तेव्हा गल्लीच तिकडे न्यायचं ठरलं. प्लायवूडची, पण हुबेहूब. दारं, खिडक्या, ओटे, सगळ्यांचे फरमे करायचं काम सुताराकडे आलं. ज्याने फरमे केले तोच तिकडे जाऊन गल्ली उभी करणार, हे तो धरूनच चालला होता. त्याला तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं.

आणि जाण्यावाचून त्याला गत्यंतर तरी कुठे होतं? पूर्वी तो कपाटं करायचा, पलंग करायचा. मग सवलत आली, सिनेमावाले आले, आणि येताना स्वतःचे सुतारही घेऊन आले. गावातले चिडले. सरकारी कचेरीसमोर ठिय्या देऊन बसले. सवलत आमच्या राज्याची, तर हातही आमच्याच राज्याचे लावा! सगळ्यांत मोठा आवाज आमच्या या सुताराचा. घसा बसला तेव्हा हातवारे करून ओरडला. शेवटी नियम झाला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने रंधा मशीन विकून टाकलं. सेटच्या कामाला ते लागत नाही, उगाच जागा अडवतं. सेटवर कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच करायचं असतं.

"पाठ नसलेली कपाटं करायला शिकले आणि पाठ असलेली विसरले," बायको आल्यागेल्याला सांगायची. जुनी गिऱ्हाईकं तयार फर्निचरकडे वळली, ती पुन्हा फिरकली नाहीत.

पाहुणा सकाळी सीमेपलीकडून ट्रकबरोबर आला होता, फरमे न्यायला. सुताराला वाटलं, आपल्याला मदतनीस दिलाय. हात चांगला होता गड्याचा, फक्त जीभ घरी विसरून आला होता. सुताराने त्याला हातचं काही राखून न ठेवता सगळं दाखवलं. हे दार खाली घासतं, म्हणून फरशीवर हा अर्धगोल ओरखडा. ही बिजागरी मी उलटी लावली होती, ती तशीच उलटी ठेवायची.

"तिकडे पोचलो की डावी बाजू तुम्ही घ्या, उजवी मी घेतो," सुतार म्हणाला.

पाहुण्याने मान खाली घातली. मग दुकानाच्या आत, जमिनीतून वर आलेल्या बोल्टांकडे बोट दाखवलं. "हे कसले?"

"तिथे रंधा मशीन होतं. ते सोडा, कॅमेऱ्याला नाही दिसत."

दुपारी फरमे ट्रकमध्ये चढले. सगळ्यांच्या वर सुताराने आपली पेटी ठेवली. एवढ्यात कलादिग्दर्शक मॅडमची गाडी आली. बाई चांगली होती, त्याला पहिल्या दिवसापासून दादा म्हणायची.

"दादा, ही पेटी कुणाची?"

"माझीच की."

ती ट्रकजवळ आली. "तुम्हाला नाही नेता येणार, दादा. तिकडचेच कामगार घेतले तरच सवलत मिळते. तसा नियम आहे त्यांचा."

"असला कसला नियम? कुणी काढला?"

"आपल्याकडचाच उचललाय त्यांनी. शब्दन् शब्द."

भांडायला सुताराने तोंड उघडलं, पण भांडणार कुणाशी? त्या नियमासाठी घसा त्याचाच बसला होता. डबा घेऊन बायको खाली आली होती. तिने ऐकलं, आणि डबा परत वर घेऊन गेली. आज ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पाहुणा ट्रकवर चढला. त्याने पेटी उचलून दोन्ही हातांनी खाली दिली.

"सकाळपासून सांगणार होतो, मिस्त्री," तो म्हणाला. "धीर नाही झाला."

सुताराने पेटी खाली ठेवली. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्याने पाहुण्याचं मनगट धरलं.

"तुमचं स्वतःचं दुकान आहे?"

"आहे. कपाटं, पलंग करतो."

"मग ऐका माझं. हे सिनेमावाले काहीही सांगोत, दुकान चालू ठेवा. रंधा मशीन तेवढं विकू नका."

पाहुण्याने त्याच्या खांद्यावरून दुकानात पाहिलं.

"माझंही परवाच नेलं," तो म्हणाला. "बोल्ट तेवढे राहिलेत."