ग्राहकाची सही

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. शिवणाचा कारखाना. लांबलचक हॉल, अकरा मशिनी, अकरा बायका. सगळ्यांच्या अंगात स्वेटर, वरून शाल, आणि बोटं इतकी गारठलेली की सुईत दोरा ओवायला दोघी लागतायत. भिंतीवर एसी आहे, थंडीत गरम हवा देणारा. पण आठ दिवस झाले, तो नुसता हिरवा दिवा मिचकावत बसलाय.

स्टुलावर चढलेली मेकॅनिक म्हणजे पोरगीच. एकटीनं कामाला जायला लागून जेमतेम महिना झालेला. खाली मालक उभे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून.

"त्यात बघायचंय काय? ह्या मावशींनी पट्टीनं बटण दाबून दाबून वाट लावलीय एसीची. तुमच्या त्या कामाच्या कार्डावर तसं लिहा, मी सही करतो. म्हणजे ह्यांना आजच घरी पाठवतो. कायमचं."

मावशी म्हणजे हॉलमधली सगळ्यात थोरली. तिनं मान वर न करता दोरा दातानं तोडला. "एकदा दाबलं. गारठून मरायची पाळी आली तर परत दाबेन."

पोरीनं रिमोट बघितला. सूर्याचं चित्र, आकडा पंचवीस. बरोबर होतं. जाळी काढली, तर ती लख्ख.

"दर शनिवारी धुते मी," मावशी म्हणाली. "तेही लिहा, वाट लावली म्हणून."

मग पोरगी मागच्या गल्लीत गेली, बाहेरच्या मशीनपाशी. पंखा भणाणत होता. तिनं समोर हात धरला आणि चमकलीच. भसाभस गरम हवा! आता बघ, आत गरम करायचं असेल तर हे मशीन बाहेर गार हवा टाकतं. इथं सगळं उलटंच. मग तिचं लक्ष नळ्यांकडं गेलं. एक जोडी हॉलकडं जात होती. आणि दुसरी?

दुसरीच्या मागं मागं ती थेट मालकांच्या केबिनीत. भिंतीपलीकडं इस्त्रीची खोली, त्यामुळं भिंत तव्यासारखी तापलेली. आणि वर तसलाच एसी, अठरावर, मस्त गार.

"मालक, खोल्या दोन, पण बाहेरचं मशीन एकच. ते एका वेळी गरम तरी करणार, नाहीतर गार तरी. आधी जो चालू करेल त्याचं ऐकणार. सकाळी आधी कोण येतं?"

"मी. आठला."

"मग झालं तर. तो दिवा बिघाडाचा नाही. तुमचं आटपायची वाट बघतोय हॉलमधला एसी."

आणि विचारलं ना सवरलं, तिनं केबिनीतला एसी बंद केला! पाचेक मिनिटं काही नाही. मग हॉलमधल्या एसीचं तोंड हळूच उघडलं. खालच्या मशीनवरच्या बाईची शाल हलली आणि ती ओरडलीच, "आली गं बाई!"

"आणि मी काय इथं उकडून मरू?" मालकांचा आवाज चढला.

पोरगी खिडकीपाशी गेली, कडी काढली, दोन्ही दारं सताड उघडली. "थंडीच हवीय ना? बाहेर ढीगभर पडलीय."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच धडाधडा मशीन चालवायला लागलं. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला, तिच्या हेडमेकॅनिकला. बोलले आणि फोन तिच्या हातात दिला.

"ते सांगतायत ते लिही, सही घे आणि नीघ," हेडमेकॅनिक म्हणाला. "बिनसहीची दोन कार्डं झालीयत तुझी. हे तिसरं आणलंस, तर उद्यापासून ऑफिसात बसून फोन उचलायचे."

तिनं फोन परत दिला. पेन काढलं आणि कार्ड भिंतीला टेकवून, मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, "बिघाड नाही. केबिनीतला एसी गारवर असल्यामुळं हॉल गरम होत नव्हता. कोणीही काही मोडलेलं नाही."

मालकांनी हाताची घडी घातली. "आता घे सही."

"घेते की," म्हणाली आणि कार्ड नेऊन ठेवलं मावशीच्या मशीनवर. "मावशी, इथं. ग्राहकाची सही."

"माझी? ग्राहक ते आहेत ना?"

"थंडी कुणाला वाजत होती?"

मावशीनं मशीन थांबवलं. मग बोटातलं अंगुस्तान काढून बाजूला ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. लगेच शेजारचीनं कार्ड ओढलं. मग पलीकडचीनं. चौकट केवढी, तर बोटभर. सह्या चौकटीबाहेर गेल्या, कडेनं उभ्या चढल्या, शेवटच्या तिघींना कार्ड उलटावं लागलं. मालक ओरडत होते, पण अकरा मशिनी बंद असूनही त्यांचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

चार दिवस झाले. कार्ड अजून हेडमेकॅनिकच्या टेबलावर आहे. मालक रोज फोन करतात, 'ते फाडा आणि माझ्या सहीचं नवं बनवा, मावशींचा निकाल लावायचाय.' पोरगी तोवर शेजारच्या खुर्चीत बसून फोन उचलते, मालकांचासुद्धा, आणि गोड आवाजात विचारते, "हॉल गरम होतोय ना?" हेडमेकॅनिक कार्ड उचलतो, उलटं करतो, मागच्या तीन सह्या बघतो, परत ठेवतो.

तू त्याच्या जागी असतीस, तर काय केलं असतंस गं?