पालक समक्ष हवा

"तुम्हाला कॉलेजात का यायचंय?" प्राध्यापक टिपणिसांनी तिसऱ्यांदा विचारलं.

गजराबाई मान खाली घालून उभी होती. पदर कपाळाखाली ओढलेला. तिनं कोपऱ्याकडे चोरटी नजर टाकली आणि पुन्हा जमिनीकडे पाहू लागली.

कोपऱ्यात तिचा सासरा बसला होता. सारंगखेड्याचा नथ्थू पाटील. गलमिशा, मांडीवर आडवी काठी.

मुलीचा अर्ज असेल तर पालक समक्ष हवा, हा कॉलेजचाच नियम. नवरा फौजेत, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. म्हणून सासरा आला होता. मुलींच्या वसतिगृहात एकच जागा उरली होती आणि टिपणीस ती आज नंदुरबारच्या या धर्मशाळेत बसून भरणार होते.

"मॅट्रिकला गुण उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण ज्या मुलीला तोंड उघडता येत नाही, तिला मी कशी घेऊ? पाटील, हिनं शिकावं असं तुम्हाला वाटतं ना?"

"कागद लई उनू ना मी." अर्ज तोच घेऊन आला होता.

"मग ही एवढी घाबरते का?"

पाटलानं काठीवरची मूठ आवळली. टिपणिसांनी सुस्कारा टाकून अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. तो नाकारलेल्यांचा होता. गजराबाईच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

पाटलानं ते पाहिलं. तो काठी टेकत उठला.

"सायेब, आमना बजारमा घोडा पारखतस ना, तवय मालकले बाजूले काढतस."

"ही तुमची सून आहे! घोडा नव्हे!" टिपणीस कडाडले.

पाटील बाहेर गेला. दार धाडकन लागलं.

"बसा," टिपणीस मऊ आवाजात म्हणाले. "आता सांगा."

गजराबाईनं पदर थोडा मागे घेतला.

"आमच्याकडे बायका बाळंतपणात मरतात, सर. गावात डॉक्टर नाही. मला आधी विज्ञान शिकायचंय, मग डॉक्टरी."

आवाज खणखणीत होता. टिपणिसांनी भूमितीचं प्रमेय विचारलं. तिनं ते तोंडीच सिद्ध करून दाखवलं. इंग्रजी उतारा दिला. तो वाचून तिनं उलट त्यांनाच एक शंका विचारली.

टिपणीस हसले. त्यांनी अर्ज गठ्ठ्यावरून परत उचलला आणि सही केली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. आता उरला होता फक्त तो म्हातारा. भांडावं लागलं तरी चालेल, असं ठरवून ते बाहेर आले.

पाटील गेला नव्हता. तो उघड्या खिडकीखाली, भिंतीला कान लावून बसला होता.

"पाटील, तिला घेतलंय. आता तुम्ही आडवे येऊ नका."

म्हातारा धडपडत उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. गलमिशा ओल्या होत्या.

"बठ्ठं बरोबर सांगं ना तिनी?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. "चार वरीस व्हयनात सायेब, ती घरमा येल. तिन्हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐका."