एकरुखची हवा

"आबा, पाय उचला जरा," हिंदुराव म्हणाला आणि कोंडीबाच्या पायांखाली त्याने स्वतःच्या हाताने गोधडीची घडी सरकवली.

बैलगाडी भवानी पेठेतून बाहेर पडत होती. कोंडीबाने डोळे मिटून घेतले. झोप आली म्हणून नव्हे, पाणी आलं म्हणून.

बारा वर्षांपूर्वी घरातल्याच दुकानात सुताचा एक गठ्ठा भिजला, तेव्हा त्याने चार गिऱ्हाइकांदेखत हिंदुरावाच्या कानाखाली वाजवली होती. तेव्हापासून लेक बापाशी बोलायचा तो फक्त सुताच्या भावाबद्दल. भाव चढला तर चार शब्द, उतरला तर दोन. मरायच्या आधी लेकाने एकदा जवळ बसून नीट बोलावं, एवढंच आता म्हाताऱ्याचं मागणं उरलं होतं.

आणि छातीच्या दुखण्याने ते पदरात टाकलं. डॉक्टर येऊन गेले. बाहेर ओट्यावर ते हिंदुरावाशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. दुसऱ्या दिवशी हिंदुराव खाटेपाशी येऊन बसला.

"आबा, हवापालट करायचा. मोठी माणसं समुद्रावर जात्यात. आपला समुद्र म्हंजी एकरुखचा तलाव. काठावर बंगला घेतलाय भाड्यानं. मंगळवार ते रविवार."

"आन् दुकान?"

"दुकान कुटं पळून जातंय? तुमी हवा खावा."

निघायची वेळ काढायला भटजीही आले होते. चार मैलांच्या वाटेसाठी लेकाने तासभर पंचांग उलथंपालथं करायला लावलं. कोंडीबाला हसूच आलं. एवढी काळजी त्याच्या लग्नातही कुणी घेतली नव्हती.

गाडी ज्ञानूच्या दारावरून गेली. दाराला कुलूप होतं. ज्ञानूची आई पंचकाच्या पाच अशुभ दिवसांत वारली, भटजींनी सहा महिने घर बंद ठेवायला सांगितलं आणि ज्ञानू बायकोपोरांसह केमला बहिणीकडे जाऊन राहिला. पुढच्या खोलीतलं तेलाचं दुकानही बंद. कोंडीबाला त्याच्या तेलाचं काही नव्हतं. सोंगट्या खेळायला जोडीदार उरला नव्हता, एवढंच.

बंगला म्हणजे तीन खोल्या, पुढे पडवी आणि पडवीपुढे पाणीच पाणी. राखणदार मायाप्पाने न विचारताच बाज दाराजवळ टाकली. मागून दुसरी गाडी आली. तिच्यात सून बजाबाई, हिंदुरावाचे चौघे चुलतभाऊ, शेणी, लाकडं आणि दोन लांब बांबू.

"बांबू कशाला रं?" कोंडीबाने विचारलं.

"कापडं वाळत घालाया," एक पुतण्या म्हणाला आणि दुसऱ्याकडे बघू लागला.

एवढी माणसं त्याच्याभोवती कित्येक वर्षांत जमली नव्हती. बारा वर्षं शिळी भाकरी पुढे सरकवणारी बजाबाई रोज सकाळी विचारू लागली, "मामंजी, आज काय खावंसं वाटतंय?" पहिल्या दिवशी तो शेंगापोळी म्हणाला. दुसऱ्या दिवशी भीत भीत बासुंदी म्हणाला. बासुंदीही झाली. मग त्याने भिणं सोडलं.

हिंदुराव पाय चेपत बसायचा.

"आबा, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय की."

हिंदुराव मान हलवायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा.

बुधवारी संध्याकाळी पाय चेपता चेपता तो मध्येच म्हणाला, "त्या गठ्ठ्यावर पाणी मीच सांडलं होतं, आबा. तुमी मारलं त्ये बरुबर होतं."

कोंडीबाने नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

शुक्रवारी दिवस मावळताना मात्र त्याचा श्वास कोंडला. सगळे धावत आले. बजाबाईने तोंडात तुळशीचं पाणी घातलं, चुलतभाऊ हात जोडून उभे राहिले. हिंदुराव हुंदके देत होता. त्याच्या खांद्याआडून कोंडीबाला तलाव दिसला, आणि एवढ्या प्रेमात मरण आलं तर तक्रार करायला जागा नाही, असं त्याला वाटलं.

मरण आलं नाही. शनिवारी त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या. रविवारी सकाळी काठी टेकत तो पार पाण्यापर्यंत जाऊन आला. पत्ते खेळणाऱ्या चौघांनी डाव थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"लागली की रं हवा," तो पडवीत टेकत म्हणाला.

"लागली," हिंदुराव म्हणाला आणि गाड्या जुंपायला सांगायला गेला. बारा वाजेपर्यंत थांबायचं आणि मग घर गाठायचं, असं ठरलं होतं.

कोंडीबाच्या मनात मात्र वेगळंच होतं. घरी गेलं की पुन्हा सुताचे भाव. लेक असा पायाशी बसतो तो इथेच. म्हाताऱ्याने मायाप्पाला खुणेने जवळ बोलावलं.

"मायाप्पा, लेकाला कळू देऊ नगंस. फुडल्या म्हैन्यात बी ह्यो बंगला आमच्यासाठी राखून ठेव."

"त्ये तर ठेवलाय की, आबा. मालकांनी आज सकाळीच सांगितलं. दर म्हैन्याला तुमच्यासाठीच ठेवायचा."

"हिंदुरावानं? आपनहून?"

"व्हय. म्या सुदिक इचारलं न्हवतं."

कोंडीबाने फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. गाडीपाशी हिंदुराव बैलांच्या मानेवर जू ठेवत होता. लेकाकडे बघत बघत म्हाताऱ्याने विचारलं, "कंच्या तारखा दिल्या रं त्यानं?"

"तारखा न्हाय दिल्या," मायाप्पा म्हणाला. "पंचक लागलं की यायचं आन् सुटलं की माघारी न्यायचं, एवढंच बोलले."