गुळाची तुला

लठ्ठ पोरांना बारीक करणाऱ्या उन्हाळी शिबिरावर एक विनोदी सिनेमा निघणार होता. त्यात गुबगुबीत यशराजची निवड व्हावी म्हणून पणदऱ्याची कुशाबाई नरसिंहपूरच्या देवाला नवस बोलली, नातवाच्या वजनाइतका गूळ वाहीन. निवड झाली त्याच दिवशी तिनं त्याचं वजन करून तेवढ्या ढेपा देवाच्या नावानं बाजूला काढल्या.

"आज्जे, माझा नवस कवा?" तीन वर्षांच्या छकुलीनं विचारलं.

"पोरीचा कसला आलाय नवस!"

उन्हाळाभर शूटिंग चाललं. पळायच्या एकेका सीनसाठी डायरेक्टरनं पोरांना वीस-वीसदा पळवलं.

मग देवळात तराजू लागला, तर ढेपांचं पारडं जमिनीला आणि यशराज वर लोंबकळतोय!

"गूळ थोडा उतरवा," पुजारी म्हणाले.

"देवाचं काढून ठेवल्यालं माघारी न्यायचं न्हाय," कुशाबाई अडून बसली. मग तिनं, मघापासून "मला बी बसायचंय" म्हणून पदर ओढणाऱ्या छकुलीला उचललं आणि भावाच्या मांडीवर ठेवलं. काटा बरोबर मधोमध आला.

कुशाबाईनं घाईघाईनं हात जोडले. "देवा, नवस दोगांचा हुता बरं का!"